मधल्या चित्रांची परंपरा

आजच्या ग्राफिक्स कार्डांतील ‘फ्रेम जनरेशन’ नावाच्या सोयीवरून संगणकावर खेळणाऱ्यांमध्ये जो कज्जा माजला आहे, त्यातील उभय पक्षांना बहुधा याचे स्मरण नसावे की, चलच्चित्राचा अवघा व्यवसायच नेत्रांशी केलेल्या एका सुसंस्कृत लबाडीवर उभा आहे. मूकपटाच्या काळी चित्रयंत्राची दांडी हाताने फिरवीत असल्यामुळे सेकंदाला सोळाच्या आगेमागे जातील तितकी चित्रे जात; 1920च्या दशकाच्या अखेरीस बोलपट अवतरला, फितीच्या कडेवर मुद्रित झालेला ध्वनी वेगातील चढउतार सोसेना, आणि 24 चित्रांचा दस्तूर कायम झाला. एवढ्याने पडदा लुकलुके, म्हणून प्रक्षेपकातील फिरत्या झडपेकरवी तेच चित्र दोनदा उजळण्याची तजवीज असे. त्याबद्दल कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही.

पण दोन चित्रांच्या मधले, मुळात नसलेले चित्र निर्माण करणे हा निराळा उद्योग, आणि त्याचेही एक पिढीजात खाते होते. 1930च्या दशकात डिस्नेच्या लॉस एंजेलिसमधील चित्रशाळेत मुख्य चित्रकार हालचालीच्या मोक्याच्या अवस्था तेवढ्या रेखाटून देत, आणि मधला मजकूर भरण्याचे काम ‘इनबिट्वीनर’ नामक उमेदवारांकडे येई. खालून प्रकाशित केलेल्या काचेवर, खुंट्यांत अडकवलेले दोन कागद एकावर एक ठेवून, तिसऱ्यावर उमेदवार मधली रेषा काढी. किती अंतरावर काढायची, याचा हुकूम समासातील खुणांत असे. केवळ मध्य गाठून भागत नसे. झुलणाऱ्या हाताचा पंजा दोन टोकांच्या बरोबर मध्यावर, सरळ रेषेत काढला, तर हात आखूड होतो. तो कमानीतूनच न्यावा लागतो. ही जाण ज्याला आली, तो यथावकाश बढती पावे.

2022 साली ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ‘डीएलएसएस 3’ ही फ्रेम जनरेशनची प्रणाली आणून हीच उमेदवारी यंत्राकडे सोपवली. पुढल्या वर्षी प्रतिस्पर्धी एएमडीचे ‘एफएसआर 3’ आले. खेळाने पुरवलेल्या गतीच्या नोंदींवरून यंत्र मधले चित्र अनुमानाने रचते, आणि पळत्या पात्रामागून अकस्मात उघडी पडणारी भिंत किंवा पडद्यावरील बारीक अक्षरे आली की, नवशिक्या उमेदवाराप्रमाणे तेही गडबडते. हा दोष सुधारेल, सुधारतही आहे.

खरी अडचण अन्यत्र आहे. चित्रपटाचा प्रेक्षक स्वस्थ बसलेला असतो. खेळणाऱ्याचा हात मात्र माऊसवर असतो. मधले चित्र रचण्यास पुढचे खरे चित्र आधी हाती यावे लागते, आणि मधले दाखवून होईतो ते पडद्यावर जाण्यापासून रोखून धरावे लागते. सेकंदाला साठ खरी चित्रे असतील तर त्यांतील अंतर सुमारे 17 मिलिसेकंद, तीसच असतील तर 33; खोळंबाही त्याच प्रमाणात. म्हणजे ज्याचे कार्ड मुळातच सशक्त, त्यालाच ही सोय मानवते, आणि ज्याला तिची निकड, त्याचा खेळ पडद्यावर गुळगुळीत पण हाताला जड लागतो. हा उलटा न्याय विक्रेते सांगत नाहीत. जानेवारी 2025मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी 549 डॉलरांचे ‘5070’ हे कार्ड 1,599 डॉलरांच्या ‘4090’ची बरोबरी करील असे जाहीर केले, तेव्हा त्या हिशेबात दर चारपैकी तीनपर्यंत चित्रे अनुमानाची धरलेली होती; जमेच्या बाजूस अशी रक्कम मांडणाऱ्या कारकुनास पेशव्यांच्या फडात खचितच जाब विचारला गेला असता.

कथाप्रधान खेळ, साठाच्या वर खरी चित्रे आणि वेगवान पडदा असेल, तर ही सोय मी खुशाल चालू ठेवीन. प्रतिस्पर्ध्याशी निशाणबाजीची चुरस असेल, किंवा कार्ड तिसावरच धापा टाकीत असेल, तर ती बंद ठेवून छाया-प्रतिबिंबांचा थाट उतरवावा. खरी चित्रे त्याने वाढतात.