‘डाउट’ आणि शंका

इंग्रजीतील ‘डाउट’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘दुबितारे’ या क्रियापदात आहे, आणि त्याच्या पोटात ‘दोन’ ही संख्या दडलेली आहे. मन द्विधा होणे, हा त्याचा आद्य अर्थ. १३व्या शतकात फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘बी’ हे अक्षर नव्हते; लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी ते पुढे लेखनात घुसडले. ते उच्चारलेच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या पंतोजीची शेक्सपिअरने १५९८ साली छापलेल्या ‘लव्हज् लेबर्स लॉस्ट’मध्ये यथेच्छ टिंगल केली आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘भिणे’ या अर्थानेही चाले. आपल्या संस्कृत ‘शंके’तही भय आणि संशय एकत्र नांदतात. तथापि मीमांसकांच्या अधिकरणात संशय ही विचाराची आवश्यक पायरी ठरली, आणि मराठीत तर शिष्य गुरूला शंका विचारतो, गुरू तिचे समाधान करतो. त्यात अविश्वासाचा लवलेश नसतो.

भारतीय विद्यार्थी वर्गात ‘डाउट’ विचारतो तो याच अर्थाने. परदेशी अध्यापकाला मात्र आपल्या विधानावर कोणी अविश्वास दाखवत आहे, असा भास होतो. या प्रयोगाला सरसकट चूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. इंग्रजांच्या भाषेत ‘डाउट’ मनात असतो; तो ‘विचारला’ जातो तो आपल्याकडेच.