गादीवर नव्व्याण्णव दिवस

बिक्कुर होलीमसाठी कोणाच्या घरी गेलो की दारातच हळूच कानावर येते, "त्यांना काही सांगितलेलं नाही हं!" आत गेलो की त्यांच्या डोळ्यांवरून कळते, त्यांना सगळे ठाऊक आहे. ही लपवाछपवी आपल्याच घरांतली असे आम्हांला वाटे. पण जर्मनीच्या राजवाड्यातही ती चालली होती.

जानेवारी १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. १८८० साली बर्लिनमध्ये यहुद्यांविरुद्ध गरळ ओकली जात असताना फील्डमार्शलच्या गणवेशात सिनेगॉगमध्ये जाऊन तफिल्ल्याला बसलेला तो हाच. म्हणून त्याचे दुखणे आम्हांला परके वाटत नाही.

प्रोफेसर गेरहार्ट यांनी स्वरतंतूवरची गाठ तापलेल्या तारेने जाळली. ती पुन्हा वाढली. मे महिन्यात शल्यविशारद बर्गमान यांनी गळा उघडून ती काढायचे ठरवले. युवराजाला न सांगताच भूल देऊन हे उरकायचे घाटत होते, असे बिस्मार्कने आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्याने हरकत घेतली आणि वृद्ध बादशहाने मुलाच्या संमतीवाचून शस्त्रक्रियेस मनाई केली. मग लंडनहून डॉ. मॉरेल मॅकेन्झी आले. त्यांनी काढलेला तुकडा विर्खो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. कर्करोग दिसला नाही. सर्वांच्या जिवात जीव आला.

नोव्हेंबरात, इटलीतील सान रेमो येथे, नवी सूज दिसली. युवराजाने स्वतःच विचारले, हा कर्करोग आहे काय? मॅकेन्झी म्हणाले, दिसतो तसाच, पण खात्रीने सांगता येत नाही. त्याने त्यांचे आभार मानले. जमलेल्या डॉक्टरांनी दोन वाटा पुढे ठेवल्या: स्वरयंत्रच काढून टाकणे, किंवा श्वास कोंडेल तेव्हा गळ्याला छिद्र पाडणे. त्याने दुसरी निवडली. ९ फेब्रुवारी १८८८ ला छिद्र पाडले, ९ मार्चला वडील वारले. मुका बादशहा चिठ्ठ्या लिहून बोलू लागला. १५ जूनला तोही गेला.

पुढे डॉक्टरांनी छापील अहवाल आणि पुस्तके काढून एकमेकांची उणीदुणी काढली. रोग्याचे खाजगी दुखणे चव्हाट्यावर आले, हे आम्हांला सर्वांत वाईट वाटते.

१८९४ साली, बापाचा विरोध असताना एका लहान मुलीचे पाऊल कापल्याच्या खटल्यात, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून केलेली शस्त्रक्रिया ही शारीरिक इजाच ठरवली. २०१३ च्या कायद्याने तर डॉक्टरने वेळेवर, तोंडी आणि रोग्याला समजेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक केले.

आपल्या तनाखमध्ये येशायाहू नबीने हिझकियाहू राजाला तोंडावर सांगितले, घराची निरवानिरव कर, तू मरणार. राजाने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. शुल्हान आरुखची रीत याहून मवाळ. विद्दुई म्हणवून घेताना रोग्याला सांगावे, की पुष्कळांनी विद्दुई म्हटली आणि ते मेले नाहीत. मॅकेन्झींनी आधी चुकीची आशा दिली हे खरे. पण सान रेमोचे त्यांचे उत्तर आम्हांला याच जातीचे वाटते.