जीवा, जवारी आणि झणत्कार

तंतुवाद्यातील झणत्कार गुण की दोष, हे वाद्यपरत्वे ठरते. विद्युत्-जोड असलेल्या गिटारीत तो दोषच होय. झणझण केवळ मोकळ्या तारेत असेल, तर दोष बहुधा अटीत असतो. प्रत्येक पडद्यावर टिकली, तर घोडीचा माथा सपाट झाल्याचा संशय येतो. माथ्याला योग्य उतार दिला म्हणजे तार एका रेषेवर टेकते व स्वर स्वच्छ होतो.

याच्या नेमकी उलट कृती म्हणजे तंबोऱ्याची जवारी. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त तारेखाली घालावयाच्या वेळूच्या ‘जीवे’ची नोंद केली आहे. मिरजेत १८५० च्या सुमारास शस्त्रकाम करणारे शिकलगार वाद्यनिर्मितीकडे वळले. घोडीची रुंद पाठ कानशीने किंचित बहिर्गोल करणे व तीवर सुताचा दोरा सरकविणे, हे त्यांच्या विद्येचे मर्म ठरले. तार ज्या बिंदूवर छेडल्याने एखादा उपस्वर लोपावयास हवा, तेथेही तंबोऱ्यात तो उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

‘जवारी’ हा शब्द ‘जीवा’पासून आला असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु केवळ ध्वनिसादृश्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. निर्विवाद आहे ते कृतीचे साम्य: तार व घोडी यांमधील सूक्ष्म स्पर्शाचे नियमन.