नवविश्वासी (ख्रिस्ती धर्म)

नवविश्वासी : येशू ख्रिस्तावर नव्याने विश्वास ठेवलेल्या आणि त्या विश्वासात अद्याप स्थिरावत असलेल्या व्यक्तीस मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘नवविश्वासी’ किंवा ‘नवीन विश्वासणारा’ म्हणतात. येथे ‘मंडळी’ हा शब्द विश्वासणाऱ्यांच्या समुदायास उद्देशून वापरला जातो, उपासनेच्या इमारतीस नव्हे. पश्चात्ताप करून विश्वास धरणे ही घटना एका क्षणात घडू शकते, परंतु त्या विश्वासाची स्वभावात व वागणुकीत मुळे रुजणे हे दीर्घकाळ चालणारे काम असून, त्याची प्रमुख साधने प्रार्थना, मंडळीची संगती, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) आणि पवित्र शास्त्राचा म्हणजे बायबलचा अभ्यास ही मानली जातात. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा (ता. शहादे, जि. नंदुरबार) आणि त्याच्या उत्तरेची सातपुड्याची रांग या परिसराचा विचार करता या विषयाला भाषेचा पैलू विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे उपासनेची भाषा बहुधा मराठी असली, तरी अनेकांच्या घरची भाषा वेगळी असते.

बायबलमधील आधार : नव्या करारात नवविश्वासी व्यक्तीची तुलना नवजात बालकाशी केलेली आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात अशा बालकाने वचनरूपी दुधाची इच्छा धरावी असे सांगितले आहे, तर इब्री लोकांस पत्रात दीर्घकाळ दुधावरच राहणाऱ्यांना जड अन्न पचविण्यास शिकण्याची आठवण करून दिली आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीच्या जीवनाची चार अंगे येतात : प्रेषितांचे शिक्षण, परस्परांची संगती, भाकर मोडणे आणि प्रार्थना. त्यांतील शिक्षणाला प्रथम स्थान असले, तरी बाकीची तीन अंगे त्यापासून वेगळी काढलेली नाहीत; म्हणून एकट्याने बसून केलेले वाचन कितीही सखोल असले, तरी ख्रिस्ती परंपरा त्याला पुरेसे मानत नाही. त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात यशयाचा ग्रंथ वाचत प्रवास करणारा कूशी अधिकारी, अर्थ सांगणारा कोणी नसताना आपल्याला कसे समजणार, असे फिलिप्प या सुवार्तिकाला विचारतो, आणि सतराव्या अध्यायात बिरुया येथील लोक प्रेषित पौलाने सांगितलेले खरे आहे का, हे शास्त्रात दररोज पडताळून पाहतात. शिक्षकाची गरज मान्य करणे आणि शिक्षकाचे बोलणे शास्त्रावर तपासणे, या दोन वृत्ती नवविश्वासी व्यक्तीने एकाच वेळी जोपासाव्यात, असा या प्रसंगांचा एकत्रित बोध आहे.

शिक्षणाची ऐतिहासिक परंपरा : आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, घेण्यापूर्वी दीक्षार्थीला दीर्घकाळ शिक्षण दिले जाई. चौथ्या शतकात यरुशलेमच्या सिरिलने दीक्षार्थींसाठी दिलेली व्याख्याने आणि इ. स. ४०० च्या सुमारास ऑगस्टीनने नवशिक्यांना कसे शिकवावे यावर लिहिलेला ग्रंथ यांतून त्या शिक्षणाचे स्वरूप कळते. धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये ‘लहान प्रश्नोत्तरी’ प्रसिद्ध केली. प्रश्नोत्तरी म्हणजे श्रद्धेचे मुख्य सिद्धांत प्रश्न व उत्तर या रूपात मांडून ते पाठ करता येतील असे रचलेले पुस्तक होय. कॅथलिक परंपरेत प्रौढ दीक्षार्थींसाठी टप्प्याटप्प्याने चालणारा शिक्षणक्रम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये पुन्हा प्रस्थापित करण्यात आला. त्याची परिणती सामान्यतः पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री होणाऱ्या स्नानसंस्कारात, म्हणजेच बाप्तिस्म्यात, होते.

मराठी परंपरा : नवविश्वासी लोकांसाठी त्यांच्या भाषेत लिहिण्याची मराठीतील परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जुनी पुराणे सुटलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्याच भाषेत व त्यांच्याच परिचयाच्या छंदात ख्रिस्तकथा ऐकता यावी, ही त्यामागची प्रेरणा ग्रंथातच सांगितलेली आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ‘पैले पुराण’ जुन्या कराराची आणि ‘दुसरे पुराण’ नव्या कराराची कथा सांगते. नवविश्वासी माणसाची श्रवणाची सवय न मोडता तिच्यातूनच त्याला शास्त्राकडे नेणे, हे तत्त्व येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर अवलंबिलेले दिसते.

पुढे विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला आणि १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये आपले भाषांतर छापले. या मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने मराठी ख्रिस्ती वाचकाला शास्त्रावर मराठीतून विचार करण्याची सवय लावली. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मनातील शंका, वाचन आणि निश्चय यांचा क्रम नोंदविला असून, विश्वासाची वाढ आतून कशी होते याचा तो मराठीतील महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने ते खिळून राहिले. सुमारे दोन वर्षांच्या वाचनानंतर व पत्रव्यवहारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी भजन, अभंग आणि कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांची वाट वेगळी होती. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर वियोग व मानहानी ओढवली, एकत्र राहू लागल्यावरही सोवळे काही काळ सुटले नाही, आणि माणसामाणसांतील भेद देवाने केलेले नाहीत ही जाणीव झाल्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त आलेली ही हकीकत असे दाखविते, की एकाच घरातील दोन माणसे एकाच विश्वासापर्यंत निरनिराळ्या गतीने पोहोचतात आणि मागून येणाऱ्याची घाई करणे इष्ट नसते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा अनुभव या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला असला तरी स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, हे काही वर्षांनंतर उमगल्याचे त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या जाहीर निवेदनात, नमूद केले आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रियांना ते आपले आपण कळावे हा त्यामागचा हेतू होता. भाषांतराचे काम त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. नव्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) हीच वाट पुढे नेली.

अभ्यासाची पद्धत : प्रॉटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके असून त्यांचे १,१८९ अध्याय आहेत. कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकांची संख्या ७३ आहे. हा ग्रंथ एकाच लेखकाचा नसून अनेक शतकांत रचलेल्या इतिहास, नियमशास्त्र, काव्य, संदेशवाणी व पत्रे यांचा संग्रह आहे, हे प्रथम समजून घ्यावे लागते, कारण स्तोत्राचा अर्थ ज्या रीतीने लावायचा त्या रीतीने पत्राचा लावता येत नाही. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचू लागणारा नवविश्वासी बहुधा लेवीय या तिसऱ्या पुस्तकातील यज्ञविधींपाशी अडखळतो. म्हणून अनुभवी पाळक, म्हणजे मंडळीचे धार्मिक मार्गदर्शक, सामान्यतः मार्काच्या १६ अध्यायांच्या किंवा योहानाच्या २१ अध्यायांच्या शुभवर्तमानापासून आरंभ करण्यास सुचवितात आणि त्यानंतर प्रेषितांची कृत्ये व रोमकरांस पत्र ही पुस्तके घेतात. १५० स्तोत्रांच्या स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र प्रार्थनेसाठी रोज जोडले जाते. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचण्याचीही पद्धत आहे.

प्रत्येक उताऱ्याचा अभ्यास तीन पायऱ्यांनी करावा असे शिकविले जाते. पहिली पायरी निरीक्षणाची असून तीत कोण, कोणाशी, कोठे व काय बोलले हे पाहावयाचे असते. दुसरी अर्थबोधाची असून मूळ श्रोत्यांना त्यातून काय समजले असेल आणि आधीचा व नंतरचा मजकूर काय सांगतो याचा विचार तीत होतो. तिसरी पायरी आचरणाची असून ऐकलेल्या वचनाने आजच्या दिवसात कोणता बदल मागितला आहे, हे तीत ठरवावयाचे असते. दुसरी पायरी टाळून पहिलीवरून थेट तिसरीवर जाणे, म्हणजे सुटे वचन उचलून त्यात आपल्या मनातील अर्थ पाहणे, ही नवविश्वासी वाचकाची नेहमीची चूक होय. या बाबतीत अध्याय व वचने यांचे क्रमांक मूळ लेखकांचे नाहीत हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील, तर नव्या करारातील वचनांचे प्रचलित क्रमांक १५५१ मधील आहेत.

तापीकाठचा संदर्भ : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वीडनमधील अलायन्स मिशन आणि फ्रेडरिक फ्रान्सन यांनी अमेरिकेत स्थापन केलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी विशेषतः भिल्ल समाजात काम केले. नंदुरबार येथील एस. ए. मिशन हायस्कूल आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय या परंपरेची आठवण देतात. कॅथलिक व्यवस्थेत हा जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो.

प्रकाशा हे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाणारे शिवक्षेत्र असून केदारेश्वरासारखी मंदिरे व संगमावरील स्नान यांमुळे धार्मिक ग्रंथाचे पारायण, सप्ताह आणि भजन यांची ओळख येथील माणसाला लहानपणापासून असते. अशा वातावरणात वाढलेली व्यक्ती ख्रिस्ती विश्वासात आल्यास ग्रंथाविषयीचा आदर, सामुदायिक श्रवणाची आवड आणि गाण्याची गोडी ती सोबत घेऊन येते. हे तिचे भांडवल आहे. मात्र बायबलचा अभ्यास ठरावीक दिवसांत वाचून पूर्ण करावयाचे अनुष्ठान न मानता, थोडे वाचून त्यावर दीर्घ मनन करण्याची सवय तिला लावून घ्यावी लागते. पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेल्या व आपल्या ऋतूत फळ देणाऱ्या झाडाची पहिल्या स्तोत्रातील उपमा तर, तापीच्या पाण्यावर केळी व पपईच्या बागा वाढविणाऱ्या शहादे परिसरातील शेतकऱ्याला टीकाग्रंथाशिवायच कळते.

अडचण भाषेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, होते. सपाटीवर अहिराणी व गुजरी, डोंगरात पावरी, आणि जिल्ह्याच्या इतर भागांत मावची, वसावी व अन्य भिल्ली बोली बोलल्या जातात. प्रमाण मराठीतील ‘नीतिमत्त्व’, ‘तारण’, ‘प्रायश्चित्त’ असे शब्द अशा घरांतून आलेल्या माणसाला पाठ होतात, पण उलगडत नाहीत. मावची व वसावी भाषांतील नव्या कराराची भाषांतरे, मोबाइलवर ऐकता येणारे बायबल आणि बोलीत रचलेली गीते यांचे महत्त्व त्यामुळे मोठे आहे. अक्षरओळख नसलेली आजी आणि शाळेत जाणारी नात यांना एकाच वेळी अभ्यासात सामावून घेण्याचे सामर्थ्य या साधनांत आहे.

अडथळे व वाढीची लक्षणे : या भागात, तसेच इतरत्रही, अनेकांची ख्रिस्ती विश्वासाशी पहिली ओळख आजारपणात केलेल्या चंगाईच्या, म्हणजे रोगमुक्तीच्या, प्रार्थनेतून होते. हा आरंभ खरा असू शकतो, परंतु विश्वास केवळ बरे होण्यावर टेकलेला राहिला, तर पुढच्या आजारात तो डळमळतो. खडकाळ जमिनीत लवकर उगवून मुळाअभावी करपलेल्या बीचा येशूने सांगितलेला दृष्टान्त याच धोक्याकडे बोट दाखवितो. कुटुंब व भावकीशी येणारा दुरावा, सणसमारंभांतील सहभागाचे प्रश्न आणि जुन्या सवयी हेही नेहमीचे अडथळे होत. नवविश्वासी व्यक्तीने वडीलधाऱ्यांचा मान आणि शेजारधर्म पूर्वीपेक्षा अधिक काळजीने राखावा, असा समंजस पाळकांचा आग्रह असतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सर्वांना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आमिषाने किंवा दडपणाने जो घडवून आणला, तो विश्वास कायद्याच्याच नव्हे तर ख्रिस्ती शिकवणुकीच्या दृष्टीनेही विश्वास ठरत नाही.

वाढीचे मोजमाप पाठ केलेल्या वचनांच्या संख्येवर होत नाही. पौलाने गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता व इंद्रियदमन अशी नऊ अंगे सांगितली असून, त्यांची पारख उपासनेच्या वेळेपेक्षा घरात व शेतावर अधिक होते. अभ्यासापुरती एक साधी कसोटीही सातपुड्याच्या पायथ्याशी लागू पडते. रविवारी मराठीतून ऐकलेला उतारा संध्याकाळी चुलीपाशी आईला पावरीत किंवा अहिराणीत सांगता आला, तिने त्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता आले, आणि उत्तर न आल्यास तो प्रश्न पुढच्या रविवारी मंडळीत प्रामाणिकपणे मांडता आला, तर शास्त्र नवविश्वासी व्यक्तीच्या घरात पोहोचले असे समजावे.