खुणांची भाषा : शब्दकोशापासून संगणकापर्यंत

पुस्तक छापावयाचें झालें म्हणजे पूर्वीं संपादक हस्तलिखितावर खुणा करीत असे. हा मथळा, येथें नवा परिच्छेद, हीं अक्षरें ठळक, अशा त्या सूचना खिळे जुळविणारासाठीं असत. वाचकास त्या दिसत नसत. छापखान्यांतील या कामाला इंग्रजींत 'मार्क-अप' म्हणत. तेंच नांव पुढें संगणकशास्त्रानें उचललें, आणि खुणांच्या स्वतंत्र भाषाच निर्माण झाल्या. विषय परका वाटेल. पण त्याचें मर्म आपल्या घरच्याच एका ग्रंथांत आहे.

तो ग्रंथ म्हणजे 'महाराष्ट्र शब्दकोश'. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे व त्यांचे सहकारी यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत त्याचे सात विभाग पुण्यास प्रसिद्ध केले; पुरवणी १९५० सालीं निघाली. त्याचें कोणतेंही पान उघडा. शब्दापुढें 'स्त्री.' असेल तर तो स्त्रीलिंगी, 'फा.' असेल तर फारसीहून आलेला, 'व.' असेल तर वऱ्हाडांतला, 'गो.' असेल तर गोमंतकांतला, 'कों.' असेल तर कोंकणांतला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशांतही शब्दाचें लिंग आणि मूळ असेंच एकेका रोमन अक्षरानें दाखविलें आहे. हीं इवलीं अक्षरें म्हणजे कोशकारांच्या कष्टांचें सार होय.

मनुष्याचा डोळा हें सहज ओळखतो. 'व' हें अक्षर कोठें 'आणि' या अर्थीं आलें आणि कोठें वऱ्हाडाची खूण म्हणून आलें, हें सांगावयास गुरु लागत नाहीं. परंतु संगणकापुढें नुसती अक्षरांची रांग असते. कोश जसाच्या तसा त्यांत उतरविला आणि "वऱ्हाडी शब्द तेवढे काढ" अशी आज्ञा केली, तर तो 'व' असलेल्या हजारों ओळी आपल्यापुढें ओतील.

या अडचणीवरचा उपाय १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत आकारास आला. आय्.बी.एम्. कंपनींतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी हे कायदेविषयक कागदपत्रांवर काम करीत होते. मजकूर दिसावा कसा, हें न सांगतां तो आहे काय, हें सांगावें, हें त्यांच्या पद्धतीचें तत्त्व. 'ठळक छाप' असें न म्हणतां 'हा मथळा आहे' असें म्हणावें. मग तो ठळक छापावा, वेगळा काढावा कीं मोठ्यानें वाचावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. या तत्त्वावर १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजीं त्याचें सुटसुटीत रूप, एक्स्.एम्.एल्., सिद्ध झालें.

त्याची रीत सोपी आहे. शब्दापूर्वीं टोकदार कंसांत खुणेचें नांव लिहावयाचें, आणि शब्द संपतांच त्याच नांवानें ती खूण मिटवावयाची. नांवें ज्यानें त्यानें आपल्या कामाप्रमाणें योजावीं. तीं देवनागरींतही चालतात. म्हणूनच गणितज्ञांनीं समीकरणांसाठीं, रसायनज्ञांनीं रेणूंसाठीं, संगीतज्ञांनीं स्वरलिपीसाठीं आपापल्या खुणांच्या भाषा रचल्या. ग्रंथ आणि कोश यांसाठीं १९८७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील पोकीप्सी येथें विद्वान जमले, आणि त्यांच्या प्रयत्नांतून साहित्याची खूणपद्धति उभी राहिली. शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय दालनांत आज मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश आहेत. तेथें केवळ मूळ शब्दांत शोधावें कीं सर्व मजकुरांत, हें निवडतां येतें. कोशाचीं अंगें वेगळीं ओळखल्याचें हें फळ.

आतां आमच्या शेणव्याकडचा एक शब्द घ्या. शहापूर-मुरबाड भागांत भाताचें रोप टाकण्यापूर्वीं जमिनीवर पालापाचोळा व शेण पसरून जाळतात. त्यास 'राब' म्हणतात. अन्यत्र उसाच्या आटविलेल्या रसासही राब म्हणतात. आणि 'तूं राब' असें म्हटलें कीं तें राबणें या क्रियापदाचें आज्ञार्थी रूप! अक्षरें तींच, वस्तु तीन. शिवाय 'कोंकण' एवढीच खूण केली, तर समुद्रकांठचा माड आणि माहुलीच्या पायथ्याचा राब एकाच टोपलींत पडतात.

आज संगणक स्वतःच अंदाजानें खुणा लावूं लागले आहेत, हें खरें. पण अंदाज बांधावयास पुष्कळ छापील मजकूर लागतो, आणि कातकरी, ठाकूर, कुणबी यांच्या तोंडचे कित्येक शब्द क्वचितच छापले गेले आहेत. तेथें यंत्र मुकें होतें. खूण करावयाची ती जाणत्यानेंच, आणि जाणतीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस एवढीच विनंती कीं, आजीचे किंवा गांवाकडचे शब्द टिपून ठेवाल, तेव्हां नुसती यादी करूं नका. शब्द कोणत्या गांवचा, कोणत्या कामांतला, कोणाच्या तोंडीं ऐकलेला, हेंही शेजारीं लिहा. टोकदार कंस मागाहून कोणीही घालील. मागाहून घालतां येणार नाहीं ती माहिती.