लेव्हीची पैज

मनुष्याची बुद्धि श्रेष्ठ कीं यंत्राची गणना श्रेष्ठ, हा वाद एकदां बुद्धिबळाच्या पटावर पैज मारून लढला गेला, त्याची ही हकीकत आहे. इ. स. १९६८ मध्यें एडिंबरो येथें एका मेजवानीच्या प्रसंगीं स्कॉटलंडचा विजेता डेव्हिड लेव्ही यानें अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांस एका डावांत हरविलें. तेव्हां मॅकार्थी म्हणाले कीं, दहा वर्षांच्या आंत लेव्हीला हरविणारा संगणक निर्माण होईल. तेवीस वर्षांच्या लेव्हीनें तत्काळ पैज मारली. प्राध्यापक डोनाल्ड मिची हे मॅकार्थींच्या बाजूस मिळाले. पुढें आणखी विद्वान सामील झाले आणि पैजेची रक्कम १,२५० पौंडांवर गेली. लेव्हीच्या त्या वेळच्या वार्षिक प्राप्तीहून ती अधिक होती.

मुदत संपत आली तेव्हां, १९७८ मध्यें, टोरांटो येथें सामना ठरला. प्रतिस्पर्धी होती ‘चेस ४.७’ ही संगणकाची आज्ञावली. अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत डेव्हिड स्लेट व लॅरी अ‍ॅटकिन यांनीं ती सिद्ध केली होती. लेव्हीनें शत्रूच्या बळाइतकाच त्याच्या उणिवांचाहि अभ्यास केला होता. यंत्र आपली खेळी, तिला येणारें उत्तर, त्यावरील प्रत्युत्तर, अशी साखळी अत्यंत वेगानें तपासतें. परंतु ही तपासणी कांहीं ठराविक खेळ्यांपाशीं थांबते. त्यापलीकडचें संकट यंत्राच्या लेखीं अस्तित्वांतच नसतें. एखादें मोहरें खात्रीनें मरणार असलें, तरी यंत्र मध्येंच एखादा निरर्थक शह देऊन किंवा प्यादें बळी देऊन तो प्रसंग त्या मर्यादेपलीकडे ढकलतें आणि संकट टळलें असें मानतें. संगणकशास्त्रांत यास ‘क्षितिज-परिणाम’ म्हणतात.

म्हणून लेव्हीनें पट बंदिस्त ठेवण्याचें धोरण धरिलें. प्याद्यांची मारामारी टाळावी, मोहरीं आपल्याच प्रदेशांत शांतपणें जुळवावीं, आणि यंत्र स्वतः होऊन आपली रचना बिघडवीपर्यंत वाट पाहावी, असा त्याचा बेत होता. मारामारीचे प्रसंग समोर नसले, म्हणजे यंत्राच्या वेगाचा उपयोग होत नसे, आणि दूरचा बेत तर त्याला आखतांच येत नसे. पहिला डाव मोठ्या प्रयासानें बरोबरींत सुटला. पुढील दोन डाव लेव्हीनें जिंकले.

चौथ्या डावांत मात्र त्याला मोह झाला. यंत्राला त्याच्याच रणांगणावर जिंकून दाखवावें, म्हणून त्यानें ‘लॅटव्हियन गँबिट’ या नांवाची धाडसी सुरुवात केली. तींत आरंभींच प्यादें पणास लागून मारामारीस तोंड फुटतें. तो डाव त्यानें गमावला. पांचव्या डावांत तो आपल्या जुन्या धोरणाकडे परतला व विजयी झाला. साडेतीन विरुद्ध दीड अशा गुणांनीं पैज त्याची झाली.

हें यश फार काळ टिकलें नाहीं. १९८९ मध्यें ‘डीप थॉट’ या यंत्रानें त्याच लेव्हीला चारहि डावांत हरविलें. १९९७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें ‘डीप ब्ल्यू’नें जगज्जेत्या गॅरी कॅस्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं जिंकिलें, तें यंत्र सेकंदास सुमारें २० कोटी स्थिति तपासूं शकत असे. यंत्राचें क्षितिज दूर सरकत गेलें, तसतशी मनुष्याला पटावर लपावयास जागा उरली नाहीं.

तथापि टोरांटोच्या पांच डावांतील लेव्हीचा तो एकच पराभव लक्षांत ठेवण्याजोगा आहे. यंत्राची उणीव त्या दिवशींहि तीच होती. तिचा उपयोग करून घेण्याचा संयम तेवढा त्याच्यापाशीं उरला नव्हता.