घाटाच्या पायथ्याची गावे : खोपोली आणि कर्जत

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके कोकणात मोडत असले, तरी त्यांच्या इतिहासाची सूत्रे बोरघाटाकडे आहेत. कारण चढणीपूर्वी जनावरांना पाणी पाजणे, ओझी पुन्हा बांधणे आणि रात्र काढणे प्रत्येक प्रवाशाला भाग होते, आणि या थांब्यावरच पायथ्याची वस्ती वाढली. पेशवाईत हा मान खोपोलीचा होता. नाना फडणवीसांनी तेथे बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर यांतून त्या मुक्कामाचे महत्त्व आजही दिसते.

1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात घाटातून गाडीरस्ता खुला झाला, 1856 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि 1858 मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून चढावा लागे. 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण होताच हा क्रम मोडला. मुख्य मार्ग पळसदरीहून थेट डोंगरात शिरला, खोपोली एका फाट्याच्या टोकाशी उरली आणि थांब्याचे महत्त्व कर्जतकडे गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; त्या जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये खालापूरची नोंद कर्जत तालुक्याचा पेटा, म्हणजे महालकऱ्याकडे सोपवलेला लहान महसुली विभाग, अशीच आहे.

साधारण 37 फुटांमागे 1 फूट असा घाटातल्या लोहमार्गाचा तीव्र चढ असल्यामुळे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात, कर्जतला जोडली जातात. इंजिने जोडेपर्यंत मिळणाऱ्या काही मिनिटांवर फलाटावरचा बटाटेवडा नावारूपाला आला. या मार्गाच्या वर्णनांत अभियंत्यांची नावे ठळक असतात, परंतु बोगदे खोदणारे हजारो मजूर, ज्यांतले कित्येक पटकीने दगावले, ते नोंदींत अनाम राहिले. ही या इतिहासातली मोठी उणीव मानली पाहिजे.

विसाव्या शतकात घाटाची उंची वीजनिर्मितीच्या कामी आली. टाटांचे वीजगृह खोपोलीत 1915 मध्ये आणि भिवपुरीत 1922 मध्ये सुरू झाले. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी उल्हास नदीत उतरते आणि राजनाला कालव्याद्वारे कर्जतच्या शेतांत उन्हाळी भात पिकवते, ही पावसावर अवलंबून असलेल्या कोकणात दुर्मीळ सोय होय.

तथापि या सोयींचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. ठाकर, कातकरी आणि लहान कुळे पावसाळ्यात सावकाराच्या धान्यावर जगत. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या, म्हणजे गरजूंना सवलतीने धान्य उसने देणारी सामाईक कोठारे, उभारली ती याच कारणाने. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्यांत याच डोंगरपट्ट्यातले लोक होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.